पेगन विधी आणि स्पेलसाठी पार्श्वसंगीत कसं निवडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘पेगन विधी’ म्हणजे कोणते विधी धरले आहेत?

आजच्या काळातले, ख्रिस्ती धर्माआधीच्या दैवतांकडे आणि निसर्गाकडे वळलेल्या पंथांचे. जेरल्ड गार्डनर यांनी १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकांसमोर आणलेली, देव-देवी आणि जादू मानणारी विक्का, प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारी ड्रुइड मंडळी, नॉर्स दैवतं मानणारे हीदन, ग्रीक-रोमन दैवतांची आराधना पुन्हा सुरू करणारे आणि लिथुआनियातली रोमुवा. विक्का उघडपणे मांडता आली ती ब्रिटनमधला चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर. म्हणजे ही परंपरा आजच्या रूपात पाऊणशे वर्षांची आहे, आणि तिच्या संगीताबद्दल बोलताना हे वय लक्षात ठेवलेलं बरं.

स्पेल म्हणजे एखादा संकल्प मनात धरून, मेणबत्ती, दोरा, वनस्पती किंवा एखादं चिन्ह हाताशी घेऊन केलेलं छोटं काम. विक्काच्या वर्तुळात ते नेहमीचं. हीदनांच्या ब्लोतमध्ये सहसा नसतं, तिथे दैवतांना अर्पण हाच गाभा.

संगीत लावायलाच हवं का?

अजिबात नाही. एकट्याने विधी करणारे कितीतरी जण शांततेतच करतात आणि त्यांचं काही अडत नाही.

लावायचं ठरलं असेल तर प्लेलिस्ट शोधण्याआधी एक गोष्ट नक्की करा: हे संगीत पडदा म्हणून हवं आहे की हाक म्हणून? दोन्हीला जुना आधार आहे, आणि दोन्हींची गल्लत झाली की विधी विस्कटतो.

पडदा म्हणजे काय ते रोममध्ये बघायला मिळतं. रोमन लोक देवाला बळी अर्पण करताना तिबिकेन नावाचा वादक शेजारी उभा राहून तिबिया ही दुहेरी नळीची पुंगी सतत वाजवत असे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने याचं कारण सरळ लिहून ठेवलंय: प्रार्थनेशिवाय दुसरं काही कानावर पडू नये. चिचुंद्रीची चिरचिर ऐकू आली तरी शकुन मोडला असं मानणारे ते लोक, त्यामुळे ही काळजी साहजिकच होती. या वादकांवाचून किती अडत असे हे इतिहासकार लिव्हीच्या एका हकिकतीवरून कळतं. इ.स.पू. ३११ मध्ये देवळात बसून जेवायचा त्यांचा हक्क काढून घेतला गेला, तेव्हा ते सगळेच्या सगळे रुसून शेजारच्या तिबुर गावी निघून गेले. रोममध्ये बळीच्या वेळी वाजवायला कुणी उरेना. शेवटी तिबुरच्या लोकांनी त्यांना मेजवानीला बोलावून भरपूर दारू पाजली, झोपलेल्या अवस्थेत गाड्यांत भरलं आणि रोमला पोचतं केलं. सकाळी जाग आली तर गाड्या फोरम या शहराच्या मुख्य चौकात उभ्या! त्यांचा हक्क परत मिळाला, शिवाय दरवर्षी तीन दिवस वेषांतर करून शहरभर गात-वाजवत फिरायची मुभाही मिळाली.

हाक म्हणजे काय ते ग्रीनलँडमध्ये. एरिक द रेडच्या सागामध्ये, म्हणजे एका जुन्या आइसलँडिक कथेत, दुष्काळात एका शेतावर थोरब्योर्ग नावाची भविष्य सांगणारी बाई येते. तिला उंच आसनावर बसवतात, आणि सेइद या भविष्य जाणण्याच्या विधीसाठी ‘वार्दलोक्कुर’ हे गाणं येणारी बाई हवी असं ती सांगते. कुणालाच येत नाही. मग गुद्रिद नावाची तरुण मुलगी म्हणते, मला आइसलँडमध्ये माझ्या पालक-आईने शिकवलं होतं, पण मी ख्रिस्ती आहे, मला यात भाग घ्यायचा नाही. यजमान आग्रह करतो, ती तयार होते. बायका आसनाभोवती रिंगण करतात आणि गुद्रिद गाते. इतकं सुंदर की तिथल्या कुणीच असं गाणं आधी ऐकलेलं नव्हतं. थोरब्योर्ग तिचे आभार मानते: आजवर पाठ फिरवून असलेले आत्मे हे गाणं ऐकायला आले. या गाण्याला पार्श्वसंगीत म्हणता येणार नाही. विधीचं कामच त्या गाण्याने केलं.

माझं मत यातूनच बनलंय. रेकॉर्ड केलेलं संगीत पडदा म्हणून उत्तम. हाक द्यायची वेळ आली की ते बंद करावं आणि आपला आवाज, आपले हात, आपला ढोल वापरावा. पुढची बहुतेक उत्तरं याच मतावर उभी आहेत.

विधीच्या कोणत्या टप्प्याला काय लावावं?

विक्काच्या विधीचा ढोबळ क्रम असा: जागा झाडून शुद्ध करणं, वर्तुळ आखणं, चार दिशांना आवाहन, देव-देवीला बोलावणं, मुख्य काम, मग केक आणि वाइन, निरोप, आणि शेवटी वर्तुळ सोडणं.

माणसं येऊन बसताना, चपला काढताना, मेणबत्त्या लावताना पडदा हवाच. बाहेरची रिक्षा, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, ऑफिसातून डोक्यात आलेली गडबड हे सगळं त्यामागे जातं. इथे संथ, ठेका नसलेलं, एका सुरावर रेंगाळणारं काहीतरी घ्या. वर्तुळ आखताना तेच चालू राहू द्या, पण आवाज इतका कमी की हातभर अंतरावरच्या माणसाला नेहमीच्या आवाजात बोललेलं स्पष्ट ऐकू यावं.

दिशांना आवाहन करताना प्रत्येक दिशेला वेगळा तुकडा लावायची हौस अनेकांना असते: पूर्वेला बासरी, दक्षिणेला ढोल, पश्चिमेला लाटा, उत्तरेला खर्जातला घुमार. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात आवाहन करणारा माणूस दोन वाक्यं जास्त बोलतो, पूर्वेची बासरी संपते आणि तो अजून वायूलाच बोलावत असताना ढोल सुरू होतो. त्यापेक्षा प्रत्येक दिशेला एकेक वाद्य हातात द्या, माणसाने वाजवून थांबायचं.

मुख्य कामाच्या वेळी रेकॉर्डिंग बंद. विक्कात शक्ती वाढवत नेऊन एका क्षणी सोडून द्यायची पद्धत आहे. जप हळू सुरू होतो, वेग घेतो, रिंगण फिरू लागतं, आणि शिखराला पोचताच सगळं एकदम थांबतं. हा क्षण वर्तुळाचं नेतृत्व करणारी व्यक्ती खोलीतल्या माणसांकडे बघून ठरवते. स्पीकरला तो कळायचा कुठून?

आपल्या लग्नातला क्रम इथे मराठी माणसाला लगेच उमगेल. मंगलाष्टकांत ‘वाजंत्री बहु गलबला न करणे’ असं बजावलेलं असतं, आणि शेवटच्या अक्षता पडल्या की ‘वाजवा रे वाजवा’. शब्द चालू असताना वाद्यं गप्प, काम पुरं झाल्यावर मोकळी. पेगन विधीलाही हा नियम चपखल बसतो: शक्ती सोडल्यानंतरची मिनिटभराची शांतता पाळा, मग केक-वाइनच्या वेळी हवं ते खुशाल वाजवा.

शब्द असलेली गाणी चालतात का?

तुम्हाला समजणाऱ्या भाषेतली गाणी, तुम्ही बोलत असताना, नकोत. कान शब्दांकडे ओढला जातोच, कितीही एकाग्रता असली तरी. आवाहन म्हणता म्हणता गाण्यातली ओळ तोंडात आलेली माणसं मी पाहिली आहेत.

न समजणाऱ्या भाषेतलं गाणं लावण्याआधी अर्थ शोधून घ्या. ‘गूढ वाटतं’ म्हणून लोक ग्रेगोरियन गायन लावतात. ती ख्रिस्ती मठांतली प्रार्थना आहे. ज्याला ते चालतं त्याने जरूर लावावं, पण हेकटी या ग्रीक देवीला बोलावताना मागे येशूची स्तुती चालू आहे हे ठाऊक तरी असावं. जुन्या नॉर्स भाषेत गाणारे आजचे वादकसमूह बहुतेक वेळा एड्डा या जुन्या नॉर्स काव्यातल्या किंवा शिलालेखांतल्या ओळी घेतात. त्यातली एखादी ओळ शापाची, एखादी मृत्यूची असते. घरभरणीच्या विधीला ती नको.

ढोलाचा ठेका किती असावा? २०५ ते २२० हा आकडा कुठून आला?

मायकल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाकडून. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या शुआर आणि कोनिबो लोकांमध्ये काम केल्यावर त्याने ‘शामानिक प्रवासा’ची एक सोपी, कुठल्याही संस्कृतीशी न बांधलेली पद्धत तयार केली, आणि तिच्यासाठी मिनिटाला २०५ ते २२० ठोके सुचवले. एकसुरी, जोर न बदलता. शेवटी परत बोलावण्यासाठी वेगळ्या ठेक्याची खूण. आज बाजारात मिळणारी ‘शामानिक ड्रमिंग’ची बहुतेक रेकॉर्डिंग्ज याच साच्यातली.

ती उपयोगी आहेत का? हो. डोळे मिटून पंधरा मिनिटं आडवं पडायचं असेल तर एकटा माणूस स्वतःसाठी ढोल वाजवू शकत नाही, तेव्हा रेकॉर्डिंगला पर्याय नाही. माझ्या ‘मुख्य कामाच्या वेळी बंद’ या नियमाला हा एवढा अपवाद. घेताना परतीची खूण असलेलंच घ्या. त्याशिवायचं घेऊ नका.

मात्र अमुक ठेका लावला की तंद्री लागणारच, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९६०च्या दशकात अँड्र्यू नेहर यांनी ढोलाचे ठोके मेंदूच्या लहरींना आपल्या तालावर खेचतात असं मांडलं होतं. त्याला फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ जिल्बेर रुजे यांनी १९८०च्या आपल्या ग्रंथात सविस्तर उत्तर दिलं: जगभरात तंद्रीचं संगीत इतकं वेगवेगळं आहे की ताल स्वतःहून यांत्रिकपणे काही घडवत नाही, माणूस ज्या समजुतीत वाढला, ज्या देवाची वाट बघत उभा आहे, त्यावर सगळं अवलंबून. हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. गोंधळात संबळ सगळ्यांच्याच कानावर पडते. अंगात येतं ते एखाद्याच्याच, आणि शेजारी उभा असलेला पाहुणा मोबाइलवर शूटिंग करत असतो.

म्हणून आकड्यामागे धावू नका. जो ठेका तुमचा गट न दमता दहा मिनिटं धरू शकतो तोच घ्या.

४३२ हर्ट्झचं संगीत जास्त ‘पवित्र’ असतं का?

नाही. ४३२ हा प्राचीन किंवा निसर्गाचा सूर होता याला काहीही आधार नाही. वाद्यं ज्या ‘ए’ सुराला जुळवतात, तो युरोपात गावागणिक, चर्चगणिक वेगळा होता. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला. इटलीत व्हर्दीने १८८४ मध्ये ४३२ला पाठिंबा दिला, तो गायकांचे गळे ताणू नयेत म्हणून. ४४० वर एकमत झालं ते १९३९च्या लंडन परिषदेत. आणि मुळात ‘हर्ट्झ’ मोजायला ‘सेकंद’ लागतो, जो माणसाने ठरवलेला आहे; सेकंदाला इतकी कंपनं हा आकडा निसर्गात कोरलेला असणार कसा?

आपल्याकडे तर हा प्रश्नच उठू नये. गायिका काळी चारला गाते, गायक काळी एकला, तानपुरा त्याप्रमाणे लागतो, आणि षड्ज तोच असतो. देवाला काळी एक आवडते की पांढरी दोन, असं कुणी विचारत नाही. तुमच्या गळ्याला ज्या सुरात जप सहज म्हणता येतो तो तुमचा सूर. ४३२चं एखादं रेकॉर्डिंग कानाला गोड लागत असेल तर जरूर लावा. गोड लागणं हे पुरेसं कारण आहे.

बायनॉरल बीट्सचं काय?

दोन्ही कानांत किंचित वेगळ्या कंपनसंख्येचे सूर सोडले की मेंदूला तिसरा, धडधडणारा आवाज जाणवतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश डोव्ह यांनी हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं. परिणाम खरा आहे, पण हेडफोनशिवाय तो मिळत नाही, म्हणजे गटाच्या विधीत त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे मन खरोखर अमुक अवस्थेत जातं का, याबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. एकट्याने, बसून, करून बघायला हरकत नाही.

खरंखुरं प्राचीन पेगन संगीत आज ऐकायला मिळतं का?

थोडंसं. आणि ज्यांना ग्रीक दैवतांची ओढ आहे ते यात सर्वांत भाग्यवान.

डेल्फीला अथेन्सकरांच्या कोषागाराच्या भिंतीवर अपोलोची दोन स्तोत्रं स्वरलिपीसह कोरलेली सापडली, १८९३ मध्ये. ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली आहेत, आणि दगड तुटलेला असल्याने मधेमधे सूर गायब आहेत. संपूर्ण मिळालेली सर्वांत जुनी रचना म्हणजे सेइकिलोसचा स्मृतिस्तंभ, आजच्या तुर्कस्तानातल्या आयदिनजवळ सापडलेला, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात. ती चार ओळींची चाल आहे. जिवंत आहेस तोवर झळाळत राहा, आयुष्य थोडं आहे, असा तिचा भाव. विधीला लावायला यापेक्षा सुंदर काही माझ्या माहितीत नाही, विशेषतः पूर्वजांच्या स्मरणाला. याहून कितीतरी जुनं म्हणजे सीरियातल्या उगारितमधलं निक्कल देवीचं स्तोत्र, सुमारे इ.स.पू. १४००चं, मातीच्या पाटीवरचं. पण त्याची लिपी कशी वाचायची यावर अभ्यासकांची मतं इतकी वेगळी आहेत की एकाच पाटीच्या दोन चाली ऐकल्या तर ओळखू येणार नाहीत.

नॉर्स लोकांची वायकिंग काळातली एकही चाल लिहून ठेवलेली नाही. ‘ऑथेंटिक वायकिंग’ असं नाव दिलेलं जे काही ऐकाल ते आजच्या माणसांनी रचलेलं आहे. केल्टांचंही तेच. त्यांच्या कार्निक्स नावाच्या, रानडुकराच्या तोंडाच्या उंच कर्ण्याचं डोकं मात्र स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्डला सापडलं, १९९०च्या दशकात त्या वाद्याची प्रतिकृती बनवून ते वाजवलं गेलं, आणि तो आवाज अंगावर काटा आणतो. बॉड्रन या चपट्या आयरिश ढोलाला लोक फार प्राचीन समजतात. वाद्यमेळात त्याला मानाची जागा मिळाली ती १९६०च्या दशकात, शॉन ओ रिआदा यांच्यामुळे.

म्हणून नवं संगीत कमअस्सल ठरत नाही. पाऊणशे वर्षांच्या धर्माला नवं संगीतच असणार. ‘दोन हजार वर्षं जुनं’ असं खोटं लेबल लावलेलं मात्र टाळावं. देवासमोर खोटं कशाला?

जिवंत परंपरा हवी असेल तर लिथुआनियाकडे वळा. तिथल्या बायकांची ‘सुतार्तिनेस’ ही अनेक आवाजांची गाणी २०१०पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. दोन आवाज एकमेकांना खेटून असलेल्या स्वरांवर चालतात, आपल्याकडे सा आणि रे एकदम धरल्यासारखे, आणि त्या घर्षणातून घंटेसारखी धार येते. पहिल्यांदा ऐकताना बेसूर वाटतं. पाचव्या मिनिटाला खोली बदललेली असते. रोमुवाचा कुलग्रिंदा हा गानसमूह ही गाणी अग्नीसमोर, विधी म्हणूनच गातो.

वर्षातल्या आठ सणांना वेगळं संगीत लागतं का?

साऊइन आणि बेल्टेन या दोघांना लागतं. बाकीच्या सहांना फरक करावासा वाटला तर करा: यूलला घंटा आणि एकत्र गाणं, इम्बोल्कला अगदी विरळ काहीतरी, उन्हाळी अयनदिनाला मोकळ्या हवेतला ढोल.

बेल्टेन म्हणजे मे महिन्याची सुरुवात, अग्नी आणि देहाचा सण. एडिंबराला कॅल्टन टेकडीवर १९८८पासून ३० एप्रिलच्या रात्री होणारा सोहळा ढोलांवर चालतो. मिरवणूक, मशाली, नाच सगळं ढोलपथकांच्या मागे. घरी करत असाल तरी नाचता येईल असंच लावा.

साऊइन, ३१ ऑक्टोबरची रात्र, मृतांची. इथे बहुतेक जण भयपटासारखं काहीतरी लावतात. मला ते पटत नाही. येणारे आपलेच लोक आहेत, त्यांना घाबरवणारं संगीत कशाला? त्यांना आवडायचं ते लावा. आजोबांना नाट्यगीतं आवडत असतील तर नाट्यगीत. मराठी घरात वाढलेल्यांसाठी एक सुचवणी: जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या अनेक ध्वनिमुद्रित आहेत आणि इंटरनेटवर ऐकता येतात. जात्याची घरघर, त्यावर बाईचा एकटा आवाज, माहेरची आठवण, गेलेल्या आईचं नाव. पणजीचा आवाज कधीच ऐकला नसेल, तर त्या आवाजाच्या सर्वांत जवळ इथेच पोचता येईल.

मेलबर्न-ऑकलंडला असाल तर चक्र उलटं: साऊइन मेच्या सुरुवातीला. आणि महाराष्ट्रात असाल तर ऋतू जुळतच नाहीत. १ ऑगस्टच्या लुनासाला तिकडे पहिलं पीक हाती येतं, इकडे बाहेर धो धो पाऊस आणि भाताची लावणी जेमतेम उरकलेली. शेकोटीची तडतड आणि वाऱ्याचे आवाज असलेलं युरोपीय रेकॉर्डिंग तेव्हा परकं वाटतं. खिडकी उघडा. पागोळ्यांचा आवाज पुरे.

विक्काच्या वर्तुळात तानपुरा, मंत्र किंवा आपलं संगीत वापरलं तर चालेल?

तानपुरा म्हणजे पडद्यासाठी जणू बनवलेलाच: शब्द नाहीत, ठेका नाही, सुरुवात-शेवट नाही. मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप निम्म्या ‘मेडिटेशन’ प्लेलिस्टना मागे टाकेल. त्यावर जप म्हणायलाही सोपं, कारण सूर धरायला जागा मिळते.

मंत्रांबाबत मी जास्त जपून असते. अमेरिकेतल्या वर्तुळांत देवींची नावं ओळीने घेणारा एक प्रसिद्ध जप आहे, त्यात इसिस, डायाना, हेकटी यांच्याबरोबर काली येते. काहींना ते सन्मानाचं वाटतं, काहींना खटकतं. मराठी माणूस म्हणून तुम्हाला कुणी ‘तू काहीतरी संस्कृत म्हण’ असं सांगितलं तर जे तुम्ही घरी देवापुढे मनापासून म्हणता तेच म्हणा, किंवा नम्रपणे नाही म्हणा. अर्थ न सांगता, नुसतं वातावरण म्हणून आरती वाजवणं नको. ग्रेगोरियन गायनाला लावला तोच निकष आपल्यालाही.

प्रेम, पैसा, संरक्षण अशा वेगवेगळ्या स्पेलसाठी वेगळं संगीत असतं का?

ग्रहांना संगीत जोडायची कल्पना जुनी आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सला मार्सिलिओ फिचिनो लायर हे तंतुवाद्य वाजवत ऑर्फियसच्या नावावरची जुनी ग्रीक स्तोत्रं गात असे, आणि सूर्य, गुरू, शुक्र यांची कृपा ओढून घेणारं संगीत कसं असावं याबद्दल त्याने लिहिलंय. गुरूचं गंभीर आणि गोड, शुक्राचं विलासी आणि मृदू, सूर्याचं भक्तीचं आणि साधं. हौस असेल तर याच वाटेने जा. तयार ‘मनी स्पेल म्युझिक’पेक्षा यात विचार तरी आहे.

स्पेलच्या बाबतीत माझ्या मते दोनच गोष्टी मोलाच्या. एक, कामाचा वेग आणि संगीताचा वेग जुळावा. दोरा बांधताना, गाठी मारताना, मेणबत्तीवर चिन्ह कोरताना हात आपोआप ठेका पकडतात. बंधन घालणाऱ्या कामाला संथ आणि ठाम, दूर सारणाऱ्या कामाला खटकेबाज. दोन, एकदा निवडलेला तुकडा फक्त विधीसाठी राखून ठेवा. स्वयंपाक करताना, ट्रेनमध्ये, जिममध्ये तो ऐकायचा नाही. काही महिन्यांत पहिला सूर कानी पडताच श्वास आपोआप संथ होऊ लागतो, आणि हे कुठल्याही हर्ट्झपेक्षा खात्रीचं आहे.

मोबाइल आणि स्पीकरची काय काळजी घ्यावी?

हे नीट वाचा, कारण सुंदर विधी मोडतात ते इथेच. संगीत आधी डाउनलोड करून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं. फुकटच्या अ‍ॅपवरून वाजवू नका, चंद्राला हाक मारल्यावर कर्जाची जाहिरात लागते. शफल बंद. यादी संपल्यावर अ‍ॅप स्वतःच्या मनाने पुढचं लावतं, ते ऑटोप्लेही बंद. दोन तुकड्यांमधली शांतता टोचत असेल तर क्रॉसफेड वाढवा. ब्लूटूथ स्पीकर पूर्ण चार्ज करा, कारण बॅटरी उतरली की त्यातल्या अनेकांत एक बाई इंग्रजीत मोठ्याने ते जाहीर करते.

स्पीकर वेदीवर ठेवू नका. वर्तुळाच्या बाहेर, भिंतीकडे तोंड करून, जमिनीवर ठेवला की आवाज कुठून येतो ते कळत नाही आणि पडदा खरोखर पडद्यासारखा पसरतो. आवाज कमी-जास्त करायला एकच माणूस नेमा, आणि त्याला मुख्य कामात दुसरी जबाबदारी देऊ नका.

उघड्यावर विधी असेल तर?

स्पीकर घरी ठेवा. मोकळ्या हवेत खर्ज विरून जातो, उरतो तो पत्र्यासारखा आवाज. हातातला ढोल, खुळखुळा, घंटा यांना ही अडचण नाही. स्टोनहेंजला अयनदिनाच्या पहाटे सगळ्यांना आत सोडतात तेव्हाही ध्वनिवर्धकावरचं संगीत चालत नाही, माणसं स्वतःचे ढोल आणतात. भारतात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, आणि पौर्णिमेचा विधी नेमका त्याच वेळेत येतो.

घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना ‘जादूटोणा चाललाय’ असं वाटेल का?

दार लावून अंधारात घुमणारा ढोल ऐकला तर वाटेल. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा फसवणूक, दहशत आणि शारीरिक इजा यांच्याविरुद्ध आहे. घरात मेणबत्ती लावून स्वतःसाठी काही मागणं हा त्याचा रोख नाही. तरी घरातल्या माणसांना आधी सांगून ठेवा आणि एका कानात हेडफोन घाला. दुसरा कान उघडा असू द्या, आग पेटलेली असते.

मला गाता येत नाही. मग?

विधीतला जप म्हणजे मैफल नव्हे. डोरीन व्हॅलिएंटे यांनी गार्डनरच्या गटासाठी लिहिलेल्या पद्यांपासून ते सॅन फ्रान्सिस्कोत १९७९पासून दर साऊइनला होणाऱ्या स्पायरल डान्स या सामूहिक विधीपर्यंत, जप मुद्दाम सोपे ठेवले गेलेत: दोन ते चार ओळी, तीन-चार स्वर, पुन्हा पुन्हा. ड्रुइड ‘आवेन’ (म्हणजे प्रेरणा) हा शब्द एका श्वासात लांबवून म्हणतात, प्रत्येक जण आपापल्या सुरात, आणि सगळ्यांचं मिळून जे ऐकू येतं ते ठरवून साधत नाही. तेही जमत नसेल तर ओठ मिटून नुसतं गुणगुणा. छातीत कंप जाणवला की झालं.

गट नवा असेल तर विधीच्या आधी चहा पिताना जप दोन-तीनदा म्हणून घ्या. पहिल्यांदा म्हणताना सगळे लाजतात, आणि ती लाज वर्तुळात न्यायची नसते.

विधी संपल्यावर काय लावावं?

आधी काही खा, पाय जमिनीला टेकवा, दिवे लावा. मग रोजचं, ओळखीचं, मोठ्याने गाता येईल असं काहीही, हिंदी सिनेमातलं असलं तरी. विधीसाठी राखलेला तुकडा मात्र परत लावू नका, आणि भांडी घासायला सगळ्यांना थांबवून घ्या.